ऑक्सिजनचं मशीन घेऊन विमानात

माझ्या आईने आयुष्यात कधी विडी-सिगारेट हातात धरली नाही. लग्न होऊन पाटण खोऱ्यातल्या घरात आली आणि पुढची कित्येक वर्षं चुलीपुढे बसली. ओली लाकडं, शेणी, काटक्या, हाताला येईल ते जाळलं. त्या धुराने तिची फुप्फुसं खाल्ली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच जगासमोर मांडलं होतं, की सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, आणि चुलीचा धूर हे त्याचं फार मोठं कारण आहे. माझी आई त्या टक्क्यांमधली एक.

आता तिला चालताना, जेवताना, रात्री झोपताना ऑक्सिजन लागतो. पण तिचा एक मुलगा न्यू जर्सीत आहे, बहीण दिल्लीला आहे, आणि तिची हिंडायची हौस अजून तशीच आहे. डॉक्टरांनी ऑक्सिजन सुरू केला त्या आठवड्यात ती म्हणाली, “नाकात नळी आली म्हणून मी नातवंडं बघायची नाहीत का गं?” त्यानंतर आम्ही दोघी अनेकदा विमानाने गेलो. नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक आता फोन करून विचारतात, “मशीन घेऊन जाऊ देतात का?” जाऊ देतात. पण त्यासाठी काय काय ठरवून ठेवावं लागतं आणि ते का, हे सगळं एका जागी कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी विमानातल्या हवेचं समजून घ्या

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडतं तेव्हा केबिनमधल्या हवेचा दाब वाढवलेला असतो, पण तो समुद्रसपाटीइतका नसतो. केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८००० फूट उंचीवरच्या हवेइतका विरळ असू शकतो. कळसूबाईचं शिखर सुमारे ५४०० फुटांवर आहे. म्हणजे आपण बसल्या जागी कळसूबाईच्याही अडीच हजार फूट वर गेलेलो असतो, आणि तेही अर्ध्या तासाच्या आत. हवेत ऑक्सिजन तेव्हाही २१ टक्केच असतो, पण दाब कमी झाल्यामुळे शरीराला तो जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्याइतकाच मिळतो. धडधाकट माणसाचं सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारीही, विमानात नव्वदीच्या पहिल्या दोन-तीन आकड्यांवर येतं. त्याला ते जाणवत नाही. ज्याचं घरीच ९२ असतं त्याला मात्र जाणवतं.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला. त्यामुळे “घरी ९४ दाखवतंय, दोन तासांचा तर प्रवास” असं बोलणं मी वारंवार ऐकते. जमिनीवरचा आकडा विमानातल्या आकड्याची हमी देत नाही. मोठ्या फुप्फुसरोग विभागांत यासाठी एक चाचणी करतात. रुग्णाला वीस मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा देतात आणि सॅच्युरेशन किती खाली जातं ते बघतात. घरी ऑक्सिजन न लागणाऱ्या माणसालाही विमानात तो लागेल का, हे त्यातून कळतं. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या प्रत्येकाने प्रवासाआधी डॉक्टरांना या चाचणीबद्दल निदान विचारावं.

ड्रीमलायनर म्हणजे ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत केबिनची उंची साधारण ६००० फुटांवर राखतात. लांबच्या प्रवासात निवडीला वाव असेल तर मी हीच विमानं बघते.

२. सिलिंडर घरीच ठेवा

विमान कंपन्या ऑक्सिजनचं नाव काढल्यावर का दचकतात, हे कळायला ११ मे १९९६ चा अपघात माहीत हवा. मायामीहून अटलांटाला निघालेलं व्हॅल्यूजेटचं ५९२ क्रमांकाचं विमान काही मिनिटांत फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं आणि आतले ११० जण गेले. त्याच्या मालकक्षात जुने रासायनिक ऑक्सिजन जनरेटर ठेवले होते. संकटकाळी डोक्यावरून जे मास्क खाली पडतात त्यांना ऑक्सिजन पुरवणारे हे डबे. कागदावर ते रिकामे असल्याचं लिहिलं होतं, प्रत्यक्षात नव्हते, आणि त्यांना सुरक्षेची टोपणंही लावलेली नव्हती. ते सुरू झाले की प्रचंड तापतात. त्या उष्णतेने आग लागली आणि त्याच डब्यांतून निघणाऱ्या ऑक्सिजनने ती भडकत गेली. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या कुठल्याही वस्तूला तो थांबू देत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांत वैद्यकीय गरजेसाठी ५ किलोपर्यंतचा छोटा सिलिंडर विमान कंपनीच्या मंजुरीने नेण्याची तरतूद आहे. पण ती मंजुरी द्यायची की नाही हे कंपनीच्या हातात असतं आणि बहुतेक कंपन्या प्रवाशाचा स्वतःचा भरलेला सिलिंडर घेत नाहीत. अमेरिकेत तर तो चालतच नाही. द्रवरूप ऑक्सिजनला सगळीकडेच बंदी आहे. काही कंपन्या आगाऊ सांगितल्यास पैसे घेऊन स्वतःचा सिलिंडर पुरवतात. मात्र तो विमानात मिळतो, विमानतळावर नाही. चेक-इनपासून विमानात बसेपर्यंतचे दोन-तीन तास आणि उतरल्यावर सामान येईपर्यंतचा वेळ तुमच्याकडे काय असणार आहे, हे त्यांना विचाराच.

आमच्यासाठी उत्तर एकच ठरलं, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर. हे मशीन ऑक्सिजन साठवत नाही. आसपासची हवा ओढतं, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या चाळणीतून दाबाने पाठवतं, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन नळीतून नाकाशी येतो. मशीन बंद केलं की आत काही उरत नाही. सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर यांत हा मूळ फरक आहे, आणि काउंटरवर तो शांतपणे समजावून सांगता यायला हवा.

३. मशीनवरची लाल अक्षरं बघून मगच मशीन घ्या

२००५ साली अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक संस्थेने पहिल्यांदा प्रवाशांना स्वतःचा कॉन्सन्ट्रेटर विमानात वापरायची परवानगी दिली, तीही फक्त दोन मॉडेलना, एअरसेप लाइफस्टाइल आणि इनोजेन वन. पुढे यादी वाढत गेली. २०१६ साली नवा नियम झाला आणि यादीऐवजी निकष आले. मशीनने विमानाच्या यंत्रणेत व्यत्यय आणायचा नाही, आतला ऑक्सिजनचा दाब २०० किलोपास्कलच्या वर जायचा नाही, वगैरे. हे निकष पाळणाऱ्या मशीनवर उत्पादकाने लाल अक्षरांत तसं लिहिलेलं लेबल लावायचं. जुन्या यादीतल्या मॉडेलना लेबल नसलं तरी चालतं.

नियम अमेरिकेचा असला तरी जगभरच्या कंपन्या त्याच लेबलकडे बघतात. आपल्याकडे ऑनलाइन स्वस्तात मिळणारी कितीतरी छोटी मशिनं ‘ट्रॅव्हल’ म्हणून विकली जातात आणि त्यांच्यावर हे लेबल नसतं. काहींची ऑक्सिजनची शुद्धताही विश्वास ठेवण्याजोगी नसते. अशा मशीनवर पैसे घालवू नका. विकणारा “सगळीकडे चालतं, मॅडम” म्हणेल. त्याला लेबलचा फोटो पाठवायला सांगा.

एका विमानतळावर काउंटरवरच्या तरुणाने आईच्या खांद्यावरची पिशवी बघून “गॅस अलाउड नाही” असं ठामपणे सांगितलं. मी मशीन पिशवीतून काढून ती लाल ओळ त्याच्यासमोर धरली. त्याने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी वाचलं आणि दोन मिनिटांत बोर्डिंग पास हातात आला. तेव्हापासून त्या लेबलचा मोठा केलेला रंगीत प्रिंट आमच्या फायलीत सगळ्यात वर असतो.

४. डॉक्टरांकडून आकडे लिहून घ्या

“रुग्णाला ऑक्सिजनची गरज आहे” एवढ्या ओळीच्या चिठ्ठीने काम होत नाही. बसून असताना किती, चालताना किती, विमानात किती, सतत लागतो की अधूनमधून, हे सगळं चिठ्ठीत हवं. विमानात बहुतेकांना नेहमीपेक्षा थोडा जास्त लागतो, तो आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. घरचं मोठं मशीन मिनिटाला दोन लिटर सतत सोडतं. छोटं मशीन बहुधा श्वास आत घेताना तेवढ्यापुरता एक झोत सोडतं. त्याच्यावरचा ‘२’ हा आकडा म्हणजे दोन लिटर नव्हे. ती त्या कंपनीने ठरवलेली पायरी असते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘२’मध्ये वेगवेगळा ऑक्सिजन येतो. काही रुग्णांना झोतावर भागत नाही, त्यांना सतत प्रवाह देणारं, अधिक जड मशीन लागतं. म्हणून मशीन विकत किंवा भाड्याने घेण्याआधी ते लावून रुग्णाला डॉक्टरांसमोर चालवा आणि सॅच्युरेशन बघा. आमच्या डॉक्टरांनी आईला दवाखान्याच्या व्हरांड्यात मशीनसकट फेऱ्या मारायला लावल्या आणि मगच आकडा लिहिला.

चिठ्ठी इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्का-तारखेसह घ्या. बहुतेक कंपन्या त्याखेरीज ‘मेडिफ’ नावाचा त्यांचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून मागतात आणि फिट टू फ्लाय सर्टिफिकेट अगदी अलीकडच्या तारखेचं लागतं.

५. बॅटरीचे तास घरी मोजा

प्रवास सुखाचा होणार की नाही हे मुख्यतः बॅटरीवर ठरतं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे विमान कंपनी प्रवाशाकडे उड्डाणाच्या जास्तीत जास्त अपेक्षित वेळेच्या दीडपट पुरेल इतक्या चार्ज केलेल्या बॅटऱ्या मागू शकते. अमेरिकेला जाणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे लागू आहे. इतर मार्गांवरही बऱ्याच कंपन्या हेच दीडपटीचं माप वापरतात. उड्डाण जास्तीत जास्त किती तासांचं असेल हे सांगणं कंपनीचं काम आहे, ते त्यांच्याकडून घ्या. तिकिटावरच्या वेळांवरून स्वतः वजाबाकी करत बसू नका.

मुंबईहून न्यूअर्कला थेट उड्डाण साधारण १६ तासांचं. त्याचे दीडपट २४ तास. एक बॅटरी चार तास चालत असेल तर सहा बॅटऱ्या लागतात. त्यात घरातून विमानतळ, चेक-इन, इमिग्रेशन, पलीकडे उतरल्यावरची रांग आणि घरापर्यंतची गाडी धरलेली नाही. मधे कुठे थांबा असेल तर तिथले तास वेगळे. मी दीडपटीच्या वर जमिनीवरच्या तासांची बेरीज करते आणि त्यावर आणखी एक बॅटरी घेते.

कंपनीच्या पुस्तिकेतला ‘चार तास’ हा आकडा नव्या बॅटरीचा आणि ठराविक श्वासगतीचा असतो. आई घाबरली किंवा दमली की तिचा श्वास जलद होतो, झोत जास्त वेळा सुटतो, बॅटरी लवकर उतरते. जुनी बॅटरी तर आणखी लवकर. म्हणून प्रवासाच्या आठवड्यात आम्ही प्रत्येक बॅटरी पूर्ण चार्ज करून, डॉक्टरांनी विमानासाठी सांगितलेल्या पायरीवर मशीन लावून, संपेपर्यंत चालवतो आणि तास बॅटरीवरच्या चिकटपट्टीवर लिहितो. आई दिवसभर टीव्हीसमोर बसते आणि “हा नंबर तीन, गेला बघ” म्हणून हाक मारते. एकदा एक बॅटरी सांगितल्यापेक्षा बरीच आधी संपली. ती आम्ही प्रवासातून वगळली आणि भाड्याने दुसरी आणली. भाड्याने मिळतात, मोठ्या शहरांत वैद्यकीय उपकरणांची दुकानं देतात.

सीटखालच्या प्लगवर भिस्त ठेवू नका. काही विमानांत तो नसतो, असला तर त्यातून वीज मोजकीच येते आणि विमान वर जाताना-उतरताना तो बंद असू शकतो. चालला तर चांगलंच, पण तो हिशेबात धरायचा नाही.

६. जादा बॅटऱ्या चेक-इन सामानात कधीही नकोत

लिथियमच्या बॅटरीला आतून शॉर्ट झालं की ती स्वतःच तापत जाते, एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू ७४७ याच कारणाने गेलं. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, आग आवरली नाही आणि दोघेही वैमानिक मृत्युमुखी पडले. केबिनमध्ये बॅटरी धुमसली तर कुणाला तरी दिसते, पाणी ओतून ती थंड करता येते. पोटातल्या मालकक्षात ते शक्य नसतं. या नियमावर हुज्जत घालू नये, तो आपल्याच जिवासाठी आहे.

बॅटरीची ताकद वॉट-अवरमध्ये मोजतात. १०० पर्यंतच्या बॅटऱ्या चालतात. १०० ते १६० मधल्यांना कंपनीची परवानगी लागते आणि जादा म्हणून अशा दोनच नेता येतात. १६० च्या वरची चालत नाही. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेलं नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-अवर म्हणजे ९७.९२, चालेल. ‘जास्त तासांची मोठी बॅटरी’ घेण्याआधी हा गुणाकार जरूर करा, कारण लांबच्या प्रवासाला दोन मोठ्या जादा बॅटऱ्या पुरत नाहीत आणि तिसरी नेता येत नाही.

प्रत्येक जादा बॅटरी वेगळ्या पाऊचमध्ये ठेवा, धातूचे टोक चिकटपट्टीने झाका, किल्ल्या-नाण्यांच्या कप्प्यात टाकू नका. छोट्या एटीआर विमानांत वरचे कप्पे लहान असतात, म्हणून दारातच हातातल्या बॅगा मागून खाली टाकतात. बॅटऱ्यांची पिशवी अशा वेळी हातातून सोडायची नाही. “यात लिथियम बॅटऱ्या आहेत” एवढं म्हटलं की कर्मचारी स्वतःच ती परत देतात.

७. परवानगी लेखी, आणि ज्यांचं विमान उडणार त्यांची

कॉल सेंटरवरचं “हो मॅडम, चालेल” काउंटरवर कुणी मानत नाही. कंपनीच्या वैद्यकीय कक्षाला किंवा विशेष मदत विभागाला ईमेल करा. मशीनचं मॉडेल, बॅटऱ्यांची संख्या आणि वॉट-अवर, डॉक्टरांची चिठ्ठी, लेबलचा फोटो, व्हीलचेअरची विनंती, सगळं एकाच पत्रात. किमान ४८ तास आधी. मी तर तिकीट काढण्याआधीच विचारते. उत्तर छापून फायलीत ठेवा.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान तिच्या भागीदार कंपनीचं असं हल्ली सर्रास असतं. परवानगी ज्यांचं विमान आणि ज्यांचे कर्मचारी, त्यांची हवी. जाताना मिळालेली परवानगी परतीला आपोआप लागू होत नाही, ती वेगळी मागा.

८. सुरक्षा तपासणी

इथे घाई केली की माणूस घाबरतं आणि घाबरलं की दम लागतो. रांगेत पोचण्याआधीच जवानाला सांगा की आईंना ऑक्सिजन सुरू आहे. आपले सीआयएसएफचे जवान याबाबतीत समजूतदार असल्याचा माझा अनुभव आहे. मशीन एक्स-रे यंत्रातून गेल्याने बिघडत नाही, पण तेवढी मिनिटं ते नाकापासून दूर राहतं. आईला आधी खुर्चीवर बसवून, श्वास शांत झाल्यावर आम्ही नळी काढतो, मशीन पट्ट्यावर जातं आणि पडद्याआडची महिला जवान तपासणी करेपर्यंत ते पलीकडे आलेलं असतं. ज्यांना क्षणभरही नळी काढून चालत नाही त्यांनी तसं स्पष्ट सांगावं आणि मशीनची तपासणी हाताने करण्याची विनंती करावी.

९. जागा

खिडकीची घ्या. मशीन समोरच्या सीटखाली ठेवायचं असतं आणि नळी मार्गिकेत किंवा शेजाऱ्याच्या पायात यायला नको. आपत्कालीन दाराजवळची रांग मिळत नाही. सगळ्यात पुढची, समोर भिंत असलेली रांग पाय पसरायला छान वाटते, पण तिथे मशीन ठेवायला समोर सीटच नसते. मशीनची हवा ओढायची जाळी पांघरुणाने झाकली जाणार नाही हेही बघा.

१०. व्हिक्स, तूप आणि खोबरेल

नळीने नाक कोरडं पडतं, सालं निघतात. आईचा हात लगेच व्हिक्सच्या डबीकडे किंवा तुपाच्या वाटीकडे जायचा. विमानात आणि घरीही हे बंद करा. व्हिक्स, व्हॅसलिन यांत पेट्रोलियम जेली असते, तेल-तूपही तसंच. ऑक्सिजनच्या धारेत स्निग्ध पदार्थ सहज पेटू शकतात आणि आग चेहऱ्यावरच लागते. विमानात कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्याने ऑक्सिजनबरोबर चालणारंच मलम लावावं. पाण्यावर आधारलेलं जेल औषधाच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर लावला तर हात पूर्ण वाळू द्या. आणि घरी देवघरातलं निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांपासून नळी दहा फूट दूर. आमच्याकडे आरतीला आई आता हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि तिथूनच टाळ्या वाजवते.

११. उडताना

मशीनचा अलार्म रुग्णाला ऐकू यायला, दिसायला आणि काय करायचं ते कळायला हवा. नाहीतर ते कळणारं माणूस शेजारी हवं. आईला कमी ऐकू येतं, म्हणून माझी सीट तिला लागूनच असते, तडजोड नाही.

झोपेत श्वास उथळ होतो, माणूस तोंडाने श्वास घेतं, आणि झोताचं मशीन तो श्वास ओळखेलच असं नाही. रात्रीच्या उड्डाणात मी दर थोड्या वेळाने तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते. कितीच्या खाली आलं तर पायरी वाढवायची आणि कितीवर केबिन क्रूला हाक मारायची, हे दोन्ही आकडे डॉक्टरांकडून आधी घेतलेले असतात.

बाथरूमला जाताना मशीन खांद्याला लावूनच जायचं. तेवढ्या वीस पावलांत सॅच्युरेशन झपाट्याने पडतं, आणि “दोन मिनिटांचं तर काम” म्हणून नळी काढून गेलेली माणसं तिथेच चक्कर येऊन पडतात. सीटबेल्टचा दिवा विझल्यावर, जेवणाच्या गाड्या निघण्याआधी जाऊन यावं.

केबिनमधला दाब अचानक गेला आणि वरून मास्क पडले तर कॉन्सन्ट्रेटरवाल्यानेही मास्कच लावायचा. ही मशिनं साधारण १०,००० फुटांपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात. त्याहून विरळ हवेत त्यांच्यावर विसंबता येत नाही. वैमानिक विमान १०,००० फुटांच्या आसपास आणेपर्यंत मास्क पुरतो. हे आईला मी निघण्याआधी घरीच करून दाखवलं.

१२. पोचल्यावर

घरचं मोठं कॉन्सन्ट्रेटर २३० व्होल्टचं. अमेरिकेत १२० व्होल्ट. ते तिथे नेऊन उपयोग नाही. दादाने तिथलं मशीन भाड्याने आणून आदल्या दिवशी चालवून ठेवलं होतं. छोट्या मशीनचा चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यावर लिहिलेलं असतं, बघून घ्या.

१३. कधी जायचं नाही

कफ वाढलाय, ताप आहे, नुकतंच इस्पितळातून घरी आलंय, फुप्फुसाभोवती हवा जमल्याचं निदान होऊन उपचार ताजे आहेत, तर तिकीट फुकट जाऊ द्या. भावाच्या घरच्या मुंजीला आम्ही असंच गेलो नाही. आई दोन दिवस बोलली नाही. तरीही तो निर्णय बरोबर होता.

१४. शेवटचं मागणं

परदेशात जाताना मला बॅटऱ्यांचं माप, लेबल, मुदत हे सगळं एका नियमात वाचायला मिळतं. आपल्याकडे धोकादायक मालाच्या वाहतुकीचे २००३ चे नियम आहेत, दिव्यांग आणि हालचालीची अडचण असलेल्या प्रवाशांसाठी डीजीसीए या आपल्या विमानवाहतूक नियामक संस्थेचे निर्देशही आहेत, तरी ऑक्सिजन मशीनवाल्या प्रवाशाला प्रत्येक कंपनीचा वेगळा फॉर्म, वेगळी मुदत आणि काउंटरवर वेगळं उत्तर मिळतं. चुलीच्या धुराने, कारखान्याच्या धुळीने, कोविडने फुप्फुसं गेलेली माणसं आपल्या राज्यात गावोगावी आहेत, आणि त्यांची मुलं-लेकी दूरच्या शहरांत आहेत. त्यांच्यासाठी सगळ्या कंपन्यांचा एकच फॉर्म असावा, बॅटरीचा एकच हिशेब असावा, तो मराठी-हिंदीतही छापावा, आणि चेक-इन काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला सिलिंडर व कॉन्सन्ट्रेटर यांतला फरक प्रशिक्षणातच दाखवावा. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी आपला अनुभव, चांगला असो की वाईट, विमान कंपनीला आणि डीजीसीएला लेखी कळवावा ही माझी कळकळीची विनंती आहे.